डोळे चांगले निघाले, पंचाईत झाली

बुसान, छांगहोच्या घरून
सोमवार, सकाळची भांडी आवरल्यावर

चिरंजीव दोकसू मास्तर यांस,

तुला लहानपणी पाठीला बांधून जिचे खांदे कायमचे उतरले, त्या थोरल्या बहिणीचे, माल्सूनचे अनेक आशीर्वाद. मी इथे ठीक आहे. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींच्या पोटातला वात गेला की अजून त्या जेवण झाल्यावर तुझ्याकडे रागाने बघत बसतात? या वर्षीची किमची कोणी घातली? तू घातली असशील तर नमुना पाठवू नकोस, गेल्या वर्षीचा नमुना आमच्या मांजरीने अजून विसरलेला नाही.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुझ्या मनात येईल. अरे, तुझे कान असे झालेत की फोनवर मला बोट किनाऱ्याला बोलवावी तसं ओरडावं लागतं, आणि आजची गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहवून घेते आहे. लिहिणारी सोयुलची आई आहे. होय, तीच, माझी सून, जिच्याबद्दल मी तुझ्याजवळ बावीस वर्षं कुरकुर केली. (ही कुरकुर लिहू नकोस म्हटलं तरी लिहिते आहे. लिही बाई, लिही. त्याला सगळं ठाऊक आहे.) ती लेखणी घेऊन माझ्यासमोर कशी बसली, हेच तर सांगायचं आहे.

सोयुलची कॉलेजप्रवेशाची परीक्षा नोव्हेंबरात झाली. त्या पोरीचा चष्मा तुला आठवत असेल, बाटलीच्या बुडाएवढा जाड. परीक्षा संपली की इथली पोरं रांगेने डोळ्यांना लेझर करून घेतात. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली एका महिन्यात चष्म्याविना झाल्या. हिचंही झालं. दोन दिवस डोळ्यांवर प्लास्टिकच्या वाट्या बांधून पडली होती. वाट्या काढल्यावर पहिलं काय बघितलं, तर मला. म्हणाली, "आजी, तुला इतक्या सुरकुत्या आहेत?" मी म्हटलं, परत बांध त्या वाट्या.

पण हे बघून छांगहोच्या मनात शिरलं की पोरीचं होतं तर आईचं का नाही. येत्या फेब्रुवारीत मला ऐंशी पुरी होतात. मेजवानी, फोटो, नातेवाईक, ते सगळं रद्द करून त्याने ठरवलं की आईला डोळे द्यायचे. जेवताना हे सांगता सांगता त्याचेच डोळे भरून आले. त्याला शाळेचा क्रीडादिन आठवला, तो दुसरीत होता तेव्हाचा. आयांची शर्यत होती. धावत जायचं, जमिनीवरची चिठ्ठी उचलायची, तिच्यात जे लिहिलं असेल ते गर्दीतून घेऊन शेवटपर्यंत पळायचं. बाकीच्या आया टोपी घेऊन पळाल्या, छत्री घेऊन पळाल्या, आणि मी मैदानाच्या मधोमध चिठ्ठी धरून उभी. मग समोर त्यांचे हेडमास्तर दिसले, त्यांचा हात धरला आणि पळाले. बिचारे पळाले माझ्याबरोबर, बूट निसटला तरी पळाले. दुसरा नंबर आला असता, पण चिठ्ठीत 'झाडू' होतं. छांगहो म्हणाला, "आईला त्या दिवशी झाडू आणि हेडमास्तर यांतला फरक दिसला नाही, इतके तिचे डोळे वाईट. आणि आम्ही पोरांनी कधी काही केलं नाही."

आता तूच सांग, मी काय बोलणार? माझे डोळे कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. सुक्या मांदेलीच्या ढिगातून नखाएवढी कोळंबी मी अजून पहिल्या नजरेत उचलते, आणि खाडीपलीकडून येणारी बोट कोणाची ते बोटवाल्याच्या बायकोच्या आधी ओळखते. मला दिसतं सगळं. वाचता येत नाही, एवढंच. आणि हे दोकसू, सगळं तुझं करणं आहे.

पोस्टातला तो दिवस आठव. मी एकवीसची, तू सतरा वर्षांचा, हायस्कूलची टोपी घातलेला. कारकुनाने कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, वाचा आणि सही करा. मी लाल झाले. तू माझ्या कानात म्हणालास, "ताई, चष्मा घरी राहिला म्हण." म्हटलं. कारकुनाने वाचून दाखवलं. काय सोपं काम झालं! त्या दिवसापासून अठ्ठावन्न वर्षं माझा चष्मा घरी राहिला आहे. बँकेत राहिला, दवाखान्यात राहिला, छांगहोच्या शाळेत तर दर महिन्याला राहिला. त्याची प्रगतिपुस्तकं मी उलटी धरून त्याच्या पाठीवर शाबासकी दिली आहे. शेजारच्या बाईला संशय आला तेव्हा आठवडी बाजारातून साध्या काचेचा एक चष्मा विकत आणला, कारण घरी राहायला घरी चष्मा तर हवा.

(सोयुलची आई हसते आहे. हिला हे बाजारातल्या चष्म्याचं ठाऊक नव्हतं. बघ ग, अजून तुझ्यापासून लपवलेलं माझ्याकडे पुष्कळ आहे.)

छांगहोला खरं सांगून टाकायचं होतं, असं तू म्हणशील. तू मास्तर, तुला सोपं वाटतं. ज्या पोराने दुसरीपासून आपली कविता आईच्या हातात दिली आणि आईने डोळे बारीक करून "सुंदर" म्हटलं, त्याला पन्नाशी उलटल्यावर काय सांगू? की ते डोळे बारीक करणं नाटक होतं? त्याला माझी कीव आली असती तर मला एक वेळ चाललं असतं. पण त्याच्या एकेक कागदाची त्याला आठवण झाली असती, ते मला चाललं नसतं. म्हणून गेले, मुकाट्याने.

डोळ्यांचा दवाखाना सातव्या मजल्यावर आहे. सगळी काच, भिंतीही काचेच्या, म्हणजे ज्यांना दिसत नाही ते त्यावर आपटून आत येत असणार. छांगहो गाडी लावायला गेला आणि मी नि सोयुलची आई वर गेलो. टेबलामागच्या मुलीने एक फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाली, भरा. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, चष्मा घरी राहिला. डोळ्यांच्या दवाखान्यात. त्या पोरीने हसून खणातून अख्खा ट्रे काढला, त्यात पंधरा-वीस चष्मे, पातळापासून जाडापर्यंत. एकेक लावून बघायला लागले. प्रत्येक चष्म्यातून फॉर्म मोठा होत गेला, पण वाचता येईना. शेवटचा लावल्यावर तर अक्षरं बेडकाएवढी झाली आणि तरी मुकीच. सोयुलच्या आईने माझ्या हातातून फॉर्म काढून घेतला आणि मान खाली घालून सगळा भरला. मला वाटलं, घाई असेल तिला.

मग मला कळलं की मी कुठे येऊन अडकले. तपासणीत पास झाले तर चोरी उघडी पडणार, नापास झाले तर लेझर. मी नापास व्हायचं ठरवलं. लेझरने एक वेळ डोळे जातील, अब्रू तर राहील. पण पहिलंच मशीन असं की हनुवटी ठेव आणि आत बघ, एवढंच. आत एक सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा. मशीनने मला एक शब्द विचारला नाही, घर्रघर्र करून चिठ्ठी बाहेर काढली. अठ्ठावन्न वर्षांत मला असा मुकाटपणे पकडणारा कोणी भेटला नव्हता.

पुढे तक्ता. वर मोठी अक्षरं, मध्ये आकडे, मासा, विमान, छत्री, खाली सगळं बारीक. नर्सने काठीने वरचं तव्याएवढं अक्षर दाखवलं. मी म्हटलं, दिसत नाही. दुसरं दाखवलं. अंधार आहे, म्हटलं. मग तिने सहज अगदी खालच्या ओळीत काठी नेली आणि तिथे आकडे होते. तुला ठाऊक आहे, आकडा समोर आला की माझ्याने राहवत नाही. बाजारात वजनकाटा वाचूनच मी म्हातारी झाले. सात, दोन, नऊ, पाच, म्हणाले आणि मग जीभ चावली. नर्स काठी धरून उभीच. तिच्या नोकरीत तिला मुंगी दिसणारी आणि हत्ती न दिसणारी बाई पहिलीच आली असणार. तिने डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर तरुण, गुटगुटीत आणि नाकावर सोयुलच्यापेक्षा जाड चष्मा. मी विचारलं, "तुम्ही का नाही करून घेतलंत?" म्हणाला, "आजी, माझ्या बुबुळावरचा पापुद्रा पातळ आहे, मला चालत नाही." असं खरं बोलणारा माणूस भेटला की मला भीती वाटते, आपणही बोलून जाऊ अशी. त्याने दिवा मारून बघितलं, मशीनची चिठ्ठी बघितली आणि म्हणाला, "आजी, तुमचा एक डोळा लांबचं बघतो, दुसरा जवळचं. पन्नाशीतली माणसं माझ्याकडे लेझर करून नेमकं हेच मागायला येतात. तुम्हाला हे देवाने आधीच करून दिलंय. वयाचा थोडा धूसरपणा आहे, पण त्याला हात लावायची गरज नाही. मग ती वरची अक्षरं का दिसली नाहीत?"

दारापलीकडे छांगहोचा आवाज येत होता, तो टेबलामागच्या मुलीला आईची खोली विचारत होता. मी काचेतून खालचा रस्ता बघत बसले. खालची बस कितव्या नंबरची ते सातव्या मजल्यावरून दिसत होतं, त्याचाच राग आला.

तेव्हा सोयुलची आई म्हणाली, "डॉक्टर, आईंचे डोळे शाळेत गेलेले नाहीत, एवढंच. हे माझ्या नवऱ्याला सांगू नका. मी सांगते काय सांगायचं ते." आणि बाहेर जाऊन ही बाई, जी मला वीस वर्षं सरळ आणि मंद वाटत होती, नवऱ्याला डोळ्यांत डोळे घालून म्हणाली की आईंच्या डोळ्यांची ठेवण जन्मापासून वेगळी आहे, कापाकापी करून उपयोग नाही, डॉक्टरांनी रोज एक तास डोळ्यांचा व्यायाम सांगितला आहे, आणि तो मी जवळ बसून करून घ्यायचा आहे.

मी गाडीत बसून विचारलं नाही. घरी येऊन कांदे सोलताना विचारलं, कधीपासून? म्हणाली, "आई, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून." ती तेव्हा गावी, नामहेला, माझ्याकडे राहत होती. एकदा मी बाजारात असताना तिचे वडील आजारी पडल्याचा निरोप आला, ती ताटाखाली चिठ्ठी ठेवून माहेरी गेली. मी ती चिठ्ठी घेतली, तिच्यात पावशेर मांदेली बांधून गिऱ्हाइकाला दिली, आणि गावभर सांगितलं की सून पळून गेली. तेव्हापासून तिने माझ्यासाठी कधी चिठ्ठी लिहिली नाही. माझ्या औषधांच्या पुड्यांवर सकाळच्याला सूर्य काढते, रात्रीच्याला चंद्र. फ्रीजमधल्या डब्यांवर मासा, मुळा, लसूण. आणि मी तुझ्याकडे काय तक्रार केली होती? की सून मला बालवाडीतली पोर समजते. डोळे अधू असते तर तिने अक्षरं मोठी काढली असती, चित्रं नाही, हे माझ्या एवढ्या चांगल्या डोळ्यांना दिसलं नाही.

(आता ती लिहायची थांबली आहे. लिही ग. त्यात रडण्यासारखं काय आहे, चित्रं तशी वाईटच काढतेस. तुझा मुळा उंदरासारखा दिसतो.)

तर असा माझा व्यायाम चालू आहे. जेवणानंतर एक तास, दार लावून. शिकवताना ही फार कडक आहे, तुझ्यासारखी मधेच सिगारेट ओढायला बाहेर जात नाही. छांगहो संध्याकाळी आल्या आल्या विचारतो, "आई, आज व्यायाम केलास?" आणि डोळ्यांना चांगली म्हणून रोज एक वाटी ब्लूबेरी पुढे ठेवतो. माझी जीभ निळी झाली आहे. पोराला फसवलं म्हणून ही शिक्षा असावी.

वहिनींना आशीर्वाद. गुडघ्यावर बर्फ लाव, मान्य नसेल तर निदान आरडाओरडा कमी कर.

तुझी थोरली,
माल्सून
(ही शेवटचीच मुलगी असू दे म्हणून आईबाबांनी 'शेवट' अर्थाचं हे नाव ठेवलं, ते तेवढं खरं झालं. माझ्यानंतर तू आलास.)

ता. क. छांगहो तुला फोन करून विचारेल की त्याच्या आजोळी कोणाचे डोळे असे होते का. हो म्हण. बाबांचे होते म्हण. ते बिचारे आता येऊन नाही म्हणणार नाहीत.

ता. क. दुसरा. मांदेलीची एक पिशवी वेगळी पाठवते आहे. कोळंबी काढून टाकली आहे, शोधू नकोस.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठी आहे. छांगहो लष्करात होता तेव्हाची त्याची पत्रं माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात आहेत. दर रविवारी तू येऊन ती वाचून दाखवायचास, अर्धा अर्धा तास, चौकीवरचा चंद्र काय, बर्फातली पावलं काय. परवा मी व्यायाम म्हणून त्यातलं पहिलं पत्र काढलं. दोन तास लागले. त्यात एवढंच आहे: "आई, मी बरा आहे. मोजे पाठव." दोकसू, चंद्र कुठे आहे? वसंतापर्यंत मी सगळा डबा वाचून काढीन. तुझं जे काही असेल ते आताच कबूल कर, मी रागावणार नाही, तू छान वाचायचास.

ता. क. चौथा. फक्त एक पत्र सोडून. ते, ज्यात त्याने लिहिलं होतं की आई, क्रीडादिनी तू हेडमास्तरांना घेऊन पळालीस तेव्हा मला लाज वाटली नाही, सगळ्या आयांत माझी आई सगळ्यात जोरात पळत होती. तेही तुझंच असेल तर मला सांगू नकोस. त्या पाकिटावरची तारीख तेवढी कळव, म्हणजे ते मी काढणार नाही. आकड्यांत लिही. आकडे मला पहिल्यापासून येतात.