पिंट्याचं पथ्य

कोल्हापूर, रविवार

आप्पा, पाया पडते.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. तुमच्या पिंट्याचा गोचीडताप उतरलाय. काळजी करू नका.

फासळ्या अजून दिसतात. डॉक्टर म्हणाले, एकदम पोटभर घालू नका. म्हणून बिनमिठाचं चिकन आणि भात कोमट करून थोडं थोडं देते. पण तो नुसता हुंगून तोंड फिरवायचा. माझं कशात लक्ष लागत नव्हतं.

आमच्या सासूबाई कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. काल त्या स्वतःच परसात त्याच्यापुढं फतकल मारून बसल्या. "खा की रं पावण्या, आमच्या घरचं गोड लागंना व्हय?" म्हणत हातानं भरवलं. सगळं खाल्लं त्यानं.

आप्पा, तुमच्या शेजारच्या रोशनबी काकी फोनवर म्हणत होत्या, पिंट्या औषधपाण्याला इकडं आल्यापासनं तुम्हीही धड जेवत नाही, भाकरी तशीच म्हशीला घालता. खरं आहे का? गोळ्या उपाशीपोटी घेता का?

मला आता चैन पडत नाही. पिंट्या अंगानं भरायला महिना तरी लागंल. तोवर तुम्ही इकडंच राहा. शनिवारी हे गाडी घेऊन येतील, म्हैस काकींकडं बांधा. लेकीच्या घरी कसं राहायचं, असं म्हणू नका. सासूबाईंनीच निरोप दिलाय, "व्याह्यास्नी सांग, एकाला भरवतोयच, दुसरं ताट काय जड न्हाय."

तुमची,
संयोगिता