मधल्या पोराचा पगार

बाबा, मी भाव केला. शिक्षणाचा. अमरावतीला राजापेठेतल्या एका हॉटेलच्या, पालकांनी खच्चून भरलेल्या हॉलमध्ये, माईक हातात घेऊन केला, आणि आवाज जरासुद्धा कापला नाही. "भाव वांग्याचा करतात, पोरी, शिक्षणाचा करत नाहीत," हे तुमचं वाक्य चांदूर बाजारच्या आपल्या घरात मी इतक्यांदा ऐकलंय की तुम्हाला जाऊन वर्षं लोटली तरी कुठल्याही शाळेच्या खिडकीवर "फी किती?" विचारताना माझी जीभ जड व्हायची. त्या दिवशी झाली नाही. रागवायचं तर रागवा.

तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात रांगत होती. आता बारावी झाली आहे, माझ्याहून वीतभर उंच. तिला एका खासगी युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरचंच नव्या नावाचं काहीतरी शिकायचं होतं. प्रवेश परीक्षा तिनं अकोल्याला आमच्या घरी, पलंगावर बसून मोबाइलवर दिली, आणि संध्याकाळी पत्र आलं की निवड झाली, वर गुणवत्तेची स्कॉलरशिपही मिळाली. पोरगी घरभर नाचली. दुसऱ्या दिवशी कळलं की शेजारच्या मुलाचा मोबाइल अर्ध्या परीक्षेत बंद पडला होता आणि त्यालाही तेच पत्र, तीच स्कॉलरशिप आली आहे. मला तुमचं दुसरं वाक्य आठवलं: "जे घर कोणत्याही पोरीले हो म्हणते, त्या घराची चौकशी दोनदा करावी." स्कॉलरशिप वजा करूनही फी एवढी होती की तुम्ही माझ्या नावावर केलेला तिवशाचा प्लॉट विकावा लागणार होता. तो गेला असता तर मागे दुसरं काही नव्हतं.

सोयरीक जुळवताना तुम्ही काय काय करायचात! माझ्यासाठी अकोल्याचं स्थळ आलं, तर त्यांच्या घरासमोरच्या टपरीवर तुम्ही अर्धा दिवस चहा पीत बसलात. पिठाच्या गिरणीत विचारलंत, किराणावाल्याला विचारलंत, घरात कोण पितं, कोण भांडतं, सासू जेवायला कधी बसते इथपर्यंत. "पोरगी देऊन राहिलो, मजाक आहे का?" आणि त्याच अकोल्यात, त्याच्या कितीतरी आधी, मला इंजिनियरिंगला घातलंत तेव्हा? नवीन निघालेलं खासगी कॉलेज. तुम्ही फाटकातून आत गेलात, भिंतीवर हार घातलेला फोटो पाहिलात, पायरीवर चपला काढल्यात आणि हात जोडलेत. एक प्रश्न विचारला नाहीत. का, ते मला कळतं. तुमच्या वडिलांना शाळेच्या वऱ्हांड्यात बसून आतला धडा ऐकावा लागला होता; त्यांच्या मुलाला दार उघडं दिसलं हेच पुष्कळ होतं. पण उघड्या दारामागे दुकानही असू शकतं, बाबा, आणि तुम्ही स्वतः मास्तर होता.

मग तिथली लॅब कुलपात राहिली, दर सहा महिन्यांनी नवे सर आले, आणि ज्या कंपन्या येणार होत्या त्या काही आल्या नाहीत. मी पदवी घेऊन घरी आले. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून लसूण सोलताय, आणि मान वर न करता म्हणताय, "कॉलेजनं द्यायचं ते दिलं. तूच कमी पडली." आईचा हात परातीत थांबला. पुढे झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग केलं, मग बियाण्यांच्या कंपनीत लागले. आज मला जे येतं ते तिथल्या लोकांनी शिकवलेलं आहे. तुमचं ते वाक्य मात्र कुठल्या नोकरीनं पुसलं नाही. तेव्हा नाही बोलले ते आता बोलते: मी कमी पडले नव्हते. नवऱ्याची चौकशी तुम्ही केलीत, कॉलेजची केली नाहीत.

तर तो हॉल, त्या युनिव्हर्सिटीनं भरवलेला पालक-मेळावा. स्टेजवर टाय लावलेले एक साहेब सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा पुन्हा पुन्हा सांगत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी उठले. म्हटलं, सर्वांत मोठं पॅकेज एकाच पोराला मिळालं, बाकीच्यांचं काय? ज्यांनी प्रवेश घेतला त्या सगळ्यांना, नोकरी न लागलेल्यांनाही धरून, पगाराप्रमाणे रांगेत उभं करा आणि मधल्या पोराचा पगार सांगा. आठवतं, कवायतीला तुम्ही आम्हाला उंचीप्रमाणे उभं करायचात, अगदी तसंच. आणि होस्टेल, मेस, परीक्षा, दरवर्षीची वाढ हे सगळं धरून शेवटपर्यंतचा खर्च लिहून द्या. साहेब गोड हसले. "मॅडम, शिक्षण हा खर्च नसतो, ती गुंतवणूक असते." मी म्हटलं, मग परतावा सांगा ना! मागे हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "बाई बरोबर बोलून राह्यली." तेवढ्यात निळा कोट घातलेला, माहितीपत्रकं वाटणारा एक तरुण आला आणि त्यानं अदबीनं माझ्या हातून माईक काढून घेतला. "काकू, मंग डेस्कवर या, मी सांगतो तुमाले."

अकोल्याच्या बसमध्ये तुमची नात खिडकीकडे तोंड करून बसली होती. बडनेरा मागे पडलं तेव्हा म्हणाली, "सगळ्यांसमोर काहून केलं तू असं? तू कमी पडली, म्हणून तुले सगळेच चोर दिसतात." बाबा, तिला तर तुमचा आवाजही आठवत नाही. ते वाक्य मीच कधीतरी तिला सांगितलं असणार. मला इतका संताप आला, तिचा नाही, तुमचा, की उरलेला सगळा रस्ता मी मनात तुमच्याशी भांडत होते.

मग मी तेच केलं जे तुम्ही माझ्या लग्नाच्या वेळी केलंत. तिला सोबत घेतलं आणि युनिव्हर्सिटीच्या फाटकासमोरच्या टपरीवर जाऊन बसले. चहावाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "मले काय माहीत बाई. बिल्डिंग त मोठी हाये." वाटलं, नुसतं दार पाहून हात जोडणारे तुम्हीच बोललात. मग आत गेलो. दर्शनी भिंतीवर मोठा बोर्ड होता, यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो, खाली कंपन्यांची नावं. एका फोटोखाली कंपनीचं नाव नव्हतं; 'शिक्षण क्षेत्रातील अग्रगण्य संस्थेत निवड' एवढंच. तो चेहरा मी ओळखला, आणि तुमच्या नातीनंही. निळा कोट.

राजापेठेतल्या त्याच हॉटेलात युनिव्हर्सिटीचा प्रवेशाचा डेस्क अजून होता; तिथे त्याच्याकडे गेलो. मी विचारलं, "बेटा, बोर्डावर तूच ना?"

"हो काकू, मीच तो." खूश झाला बिचारा.

"मग अग्रगण्य संस्था कोणती?"

"हेच. युनिव्हर्सिटीनंच ठेवलं मले. ॲडमिशन आणून देतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पगार ॲडमिशनवर आहे काकू. तुमची झाली तं या महिन्यात माहं बरं होईन."

तुमची नात शेजारीच उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या आपल्या स्कॉलरशिपच्या पत्राकडे. तो माहितीपत्रकांची चळत उगाच सरळ करत म्हणाला, "चूक माहीच आहे म्हणा. इंग्रजी कच्चं होतं. मीच कमी पडलो." शब्दाला शब्द तेच, बाबा! कोण शिकवतं हे आमच्या पोरांना? मी त्याला म्हटलं, "तू कमी नाही पडला बेटा. ऐकून घे. तू नाही पडला." त्यानं मान वर केली नाही. डोळे पुसले आणि पुढच्या माणसाला या म्हणाला. तेवढं एक वाक्य मला पाटावर बसलेल्या तुमच्याकडून हवं होतं. तुम्ही नाही दिलंत, मी दिलं.

प्लॉट विकला नाही. तुमच्या नातीनं अमरावतीला सरकारी कॉलेजात प्रवेश घेतला. माझ्याशी अजून पुरतं बोलत नाही; स्वप्न मोडल्याचा राग आहे, आणि तो असू दे. पण प्रवेशाच्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत तिनंच खिडकीतल्या बाईंना विचारलं, "मॅडम, मागच्या वर्षी निघालेली पोरं सध्या काय करून राह्यली?" बाई वैतागल्या. पोरगी हलली नाही, उत्तर घेऊनच निघाली.

तुमच्या शाळेनं तुमच्या स्मृतिदिनासाठी माझ्याकडून दोन पानं मागितली आहेत. ती वेगळी लिहून दिली. तुम्ही त्यात फार थोर आहात, आणि तेही खोटं नाही. हे मात्र कोणाला वाचून दाखवायचं नाही. आणि यातलंही एक सांगायचं राहिलं. त्या युनिव्हर्सिटीच्या संगमरवरी पायऱ्या चढताना मागून वॉचमन ओरडला, "ओ बाई, चप्पल घाला, इथं कोनी काढत नाई!" मी खाली पाहिलं. चपला पायरीखाली होत्या, जोडीनं नीट लावलेल्या, तुम्ही लावायचात तशा. कधी काढल्या, मला कळलंसुद्धा नव्हतं.