तांबडीच्या पायाची पट्टी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना मी दोनदा दाराकडे बघून घेतलं. मेली सवय! तांबडीच्या पायाचं खरं काय ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

लढाईचे दिवस होते. तांबडी, आपली घोडी, नेरळहून माथेरानला पाहुणे चढवायची आणि पोशीरच्या आपल्या घराची चूल तिच्याच पायांवर पेटायची. तिचा मागचा पाय काटेरी तारेत अडकून खाली नळीवर चांगला वीतभर फाटला. दोन दिवस तुम्हीच सगळं केलंत आणि मग तुम्हाला हिवतापानं धरलं. लढाईपायी तापावरचं कोयनेल कुठं मिळेना. मी माहेरी आलेली, आई वारून दोन वर्षं झालेली, तेव्हा घोंगडीत कुडकुडत तुम्ही मलाच बजावलंत, "मिठाच्या पान्यानं धू आन् पट्टी दाबून बांद गं, रोज. दाब नाय बसला तर मास माजंल, कातडीच्या वर येईल. मंग पाय गेला, आन् तांबडी बी गेली."

मला तेव्हा तिसरा महिना लागला होता. हे लेकीनं बापाला कोणत्या तोंडानं सांगायचं? आई असती तर चुलीपाशी दोन शब्दांत सांगून मोकळी झाली असती. पहिल्या दिवशी मी तांबडीच्या मागं उकिडवी बसले, पायाला नुसता हात लावला, तशी तिची टाप माझ्या पोटापासून चार बोटांवरून गेली. तिचा वारा लागला मला. गोठ्याबाहेर येऊन भिंतीला टेकले तर दातावर दात आपटत होते, आणि ताप मात्र तुम्हाला होता!

त्यानंतर मी मागं गेलेच नाही. लांबूनच तांब्यानं पाणी फेकायची. पट्टी, तुमच्या जुन्या धोतराची फाडलेली, मातीत मळवायची, धुवायची आणि खुंटीला वाळत घालायची. तुम्ही आतून विचारायचात, "बांदली का गं?" मी म्हणायची, "बांदली." रोज. पुढं जखम लालबुंद होऊन वर येऊ लागली, तेव्हा मी अडाणी हरखूनच गेले. "बाबा, भरतेय जखम!" तुम्ही अंथरुणात पडल्या पडल्या हसलात.

अकराव्या दिवशी तुम्ही भिंत धरत धरत गोठ्यात येता. जखमेतून मास वर आलंय, कोंबड्याच्या तुऱ्यासारखं. तुम्ही खुंटीवरची पट्टी काढता आणि नाकाशी धरता. कितीही धुतली तरी जखमेच्या पट्टीचा वास जात नाही, हे तुम्हीच मला शिकवलेलं. हिला नुसता मातीचा वास. पट्टी परत खुंटीला जाते. "वस्तरा आन," एवढंच म्हणता, "आन् तू तोंडाकडं उभी ऱ्हा. घाबरू नको, त्या मासाला दुखत नाय. रगत मातर लय येतं." तापानं थरथरणारा हात घेऊन तुम्ही तिच्या मागं बसता, जिथं मी बसायला हवं होतं. मी तिची मान कवटाळून डोळे मिटते. आता विचारतील, आता विचारतील. रक्त पेंढ्यातून वाहत माझ्या पायापर्यंत आलं, तरी तुम्ही विचारलं नाहीत.

तीनदा कापलंत, तीनदा ते पुन्हा माजलं. तांबडी जगली, पण लंगडीच राहिली, घाट काही पुन्हा चढली नाही. आणि जो येईल त्याला तुम्ही सांगायचात, "माजाच हात चुकला." आसपासचे लोक जखमी जनावरं घेऊन यायचे, त्यांना तुम्ही परत पाठवू लागलात. पुढं शेजारच्या काकूनं मला दिवस गेल्याचं तुमच्या कानावर घातलं. त्या दिवशी विहिरीवरून आले तर माझ्या डोक्यावरचा हंडा तुम्ही उतरवून घेतलात आणि तोंड फिरवून गोठ्यात गेलात. तांबडीच्या जखमेपर्यंत मागं महिने मोजले असतील का हो तुम्ही? मला वाटतं, मोजलेत. म्हणून तर जास्तच भीती वाटायची, तुमच्यासमोर ताट ठेवतानाही.

हा कागद घडी घालून पेटीत ठेवते आहे, धाडायचा तरी कुठं? इतकी वर्षं मी म्हणत आले, की तुम्ही एकदा विचारलं असतंत तर सगळं सांगून टाकलं असतं. नसतं सांगितलं, बाबा. त्या गोठ्यात विचारलं असतंत ना, तरी मी "बांदली" असंच म्हटलं असतं.