कोडोलीच्या बारवेचा चुना

मी, प्रसेनजीत गणपती बनगे, वय ४९, व्यवसाय वार्ताहर, राहणार कोडोली, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. पत्नीचा मिळाला नाही.

१) राहते घर पत्नी आक्काताईस. संस्कृत ग्रंथ कन्या संघप्रियेस. "तुला हे झेपायचं नाही," असे गुरुजी म्हणाले, म्हणून मी संस्कृत शिकलो. ते वाक्य कोशाच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहिले आहे. पान फाडू नये.

२) एक कबुली. १९९४ साली गावच्या पायऱ्यांच्या जुन्या बारवेला सिमेंट फासले, तेव्हा 'बारवेचा कायापालट' ही बातमी मीच दिली. चार पावसाळ्यांत पाणी आत कोंडून दगड फुगून बाहेर आले. गडहिंग्लजकडचे गवंडी गुंडू बघायला आले. म्हणाले, "पावणं, दगडालाबी श्वास लागतोय की. तुमी तोंडच बांधलंसा!" मग आम्ही सिमेंट खरवडले आणि गूळ-हिरड्याचे पाणी घालून दळलेल्या चुन्याने सांधे भरले. ज्या पायऱ्यांवर माझ्या आजोबांना पाय ठेवू देत नसत, त्या मी स्वहस्ते सांधल्या. याचा मला अभिमान आहे; विनय वारसांनी दाखवावा.

३) चुना दळायची दगडी घाणी पुतण्या अतुलला हॉटेलच्या बागेत हवी आहे. "काका, आत झेंडू लावतो, वर लाइटिंग करतो. वारसा जपला जाईल की!" बाळ अतुल, न फिरणाऱ्या घाणीला कुंडी म्हणतात. सबब माझ्या अंगणातली सिमेंटची कुंडी तुला.

घाणी गुंडूंना द्यायची होती. पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला त्यातून काही घेता येत नाही. हे ऐकून ते म्हणाले, "मग सुनंला द्या की. बैलामागं तीच फिरती. मी नुस्ता वरडतोय." म्हणून घाणी व चुना भिजवायचा हौद त्यांची सून बयाबाई हिला. अट एवढीच: दर उन्हाळ्यात बारवेचे सांधे तपासावेत, आणि जितका चुना काढाल तितका नवा भिजत घालावा. हौदाचा तळ कोणाला दिसता कामा नये.

कोडोली, १२ मार्च २००६
प्रसेनजीत गणपती बनगे (सही)

साक्षीदार:
१) जोतीराम चौगले, निवृत्त तलाठी (सही)
२) गुंडू गवंडी (अंगठा)

खुलासा: गुंडूंच्या अंगठ्याच्या रेषा पन्नास वर्षांच्या चुन्याने खाल्ल्या आहेत, तीनदा शाई लावूनही नुसता डाग उठतो. कोर्टाला शंका आल्यास बारवेची सातवी पायरी पाहावी. कडेच्या गिलाव्यात त्यांचा अख्खा पंजा उमटला आहे. शेजारचा माझा.