अंजना लखमा हिच्या उत्तराबाबत

मी, जगदेव नानाजी इढोळे, वय वर्षे सहासष्ट, पेन्शनर हेडमास्तर, राहणार मौजे इंझोरी, तालुका मंगरूळ, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या सांगण्यावरून अथवा धाकाने नव्हे, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. बुद्धीत उतरलेला नाही. खालील सर्व मिळकत मी नोकरीत कमावलेली आहे. वडिलांकडून मला फक्त दमा आला.

१. गावाच्या उत्तरेचे चार एकर शेत मुलगी विजयमाला हिला द्यावे. तिने मला आयुष्यात एकही प्रश्न विचारला नाही. हा गुण नव्हे, पण म्हातारपणी सोयीचा पडला.

२. पुस्तकांचे कपाट माझे शेजारी शालिकराम यांना. ते वाचणार नाहीत, पण उधळी, म्हणजे वाळवी, लागू देणार नाहीत.

३. राहते घर, अंगण व विहिरीसह, अंजना लखमा माळी हिला द्यावे. ती माझी नातेवाईक नाही. लोक भलते तर्क करतील, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

मी ज्या शाळेत मास्तर होतो तेथे मुले धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे पाठ करीत. मी ते बंद केले. उत्तर आपल्या शब्दांत लिहायचे. त्याखाली धड्यातली ओळ आधार म्हणून द्यायची. आणि त्या ओळीवरून ते उत्तर कसे निघते, ते सांगायचे. आधार नसेल तर एक छडी. पोरे रडत, पण दोन वर्षांत विचार करू लागली. अंजना त्यांत सर्वांत पुढे होती. तिला लखमाच्या मळ्यातून मीच शाळेत आणले होते. लखमा म्हणाला होता, "पोरीले कायले शिकवता जी?" मी म्हणालो, "तिचे डोके वाया जाईल."

सन १९११ मध्ये शाळा तपासणारे डिप्टी साहेब परीक्षेला आले. त्याच महिन्यात हेडमास्तराची जागा त्यांच्या शिफारशीने भरायची होती. एक राजा आणि त्याचा माळी असा धडा होता. माळ्याच्या आजारी मुलीने बागेतला आंबा खाल्ला, म्हणून राजाने माळ्याचा हात तोडला. साहेबांनी प्रश्न घातला : राजा न्यायी होता हे कशावरून दिसते? सर्वांनी लिहिले, त्याने चोरीला शिक्षा केली यावरून. अंजनाने लिहिले, "राजा न्यायी होता असे धड्यात दिसत नाही. आधार : ओळ चौथी, त्याने माळ्याला काही विचारले नाही. ओळ सातवी, आंबा मुलीने खाल्ला आणि हात बापाचा तोडला. ओळ दहावी, तेव्हा तो हसला. न्याय करणारा आधी विचारतो, आणि नंतर हसत नाही."

माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत याहून चांगले उत्तर कोणी लिहिले नाही.

साहेबांनी पाटी वर धरली. "मास्तर, हे तुम्ही शिकवता?"

मी म्हणालो, "नाही साहेब. ही पोरगीच उद्धट आहे."

अंजना म्हणाली, "गुरुजी, आधार देल्ला ना मी."

मी तिच्या उजव्या हातावर छडी मारली. ती हात मागे घेईना, म्हणून मारत राहिलो. मधले बोट मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला असावा. ती तेव्हा अकरा वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी लखमा वांग्यांची टोपली घेऊन घरी आला. पागोटे काढून म्हणाला, "पोरगी चुकली जी. माफ करा." मी माफ केले. वांगी ठेवून घेतली. माझी पत्नी रुख्मिणी हिने ती रांधली, मला वाढली, आणि स्वतः मिठासोबत भाकर खाल्ली. ती वारेपर्यंत आमच्या घरात तिने वांग्याला तोंड लावले नाही. मी हेडमास्तर झालो. अंजना पुन्हा शाळेत आली नाही. त्याच वर्षी तिचे लग्न लावले.

४. मुलगा इंद्रभान यास काहीही देऊ नये. तोही मास्तर आहे. फळ्यावर तयार उत्तरे लिहितो आणि पोरांकडून उतरवून घेतो. एका लग्नाच्या पंगतीत मी त्याला विचारले, "आधार काहून मागत नाहीस?" तो म्हणाला, "बाबा, मी पहिल्या रांगेत बसलो होतो. आधार देल्ल्यावर काय होते, ते मी पाह्यलं. माह्या वर्गात कोनाचं बोट मोडत नाही." तो खरे बोलला. पण चार माणसांत बोलला. त्याला माझ्या घराचा उंबराही मिळू नये.

५. मागच्या महिन्यात मी शेलूबाजारला गेलो. अंजना भाजी विकत बसली होती. तिने मला ओळखले आणि गोणपाट झटकून बसायला दिले. मी म्हणालो, "तुझे उत्तर बरोबर होते. मला तेव्हाच समजले होते. माझे घर तुझ्या नावाने करतो."

ती मेथीच्या जुड्या सरळ करू लागली. मग म्हणाली, "गुरुजी, अठ्ठावीस वर्सं मी समजत होती का तुमाले माहं उत्तर समजलंच नाही. मानूस चुकते, म्हणून तुमच्यावर राग नोता. आज काहून सांगतलं?"

मी पुन्हा घराचाच विषय काढला.

"घर नोको मले," ती म्हणाली. "उठा आता. गिऱ्हाईक उभं हाय."

६. तरीही घर तिचेच. ते नाकारायचे असेल तर तिने मंगरूळच्या कचेरीत येऊन, का नाकारते ते स्वतःच्या अक्षरांत लिहून द्यावे. अंगठा चालणार नाही. तोपर्यंत घराला कुलूप राहावे.

हे कलम ऐकून शालिकराम म्हणाले, "गुरुजी, तिनं त्या दिवसापासून लेखणी धरली नाही. ते बोट वाकतच नाही. आता तरी सोडा तिले."

मी कलम काढलेले नाही.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखविला व त्यांच्यादेखत सही केली.

सही : जगदेव नानाजी इढोळे

साक्षीदार :
१. शालिकराम बाबूलाल, इंझोरी. (सहीपुरता साक्षी आहे. कलम सहा मला मान्य नाही.)
२. खेमा नथ्थू, इंझोरी. निशाणी डावा अंगठा.

मुक्काम इंझोरी, तारीख ९ फेब्रुवारी १९३९.