मुलुंडची रांग मी कमी केली

मुलुंड, रविवार

तीर्थरूप भाऊरावमामा,

साष्टांग नमस्कार. (आई म्हणते, पत्रात तरी मामाला अहो-जाहो कर. पण तसं लिहायला बसलो की साहेबांना रजेचा अर्ज लिहितोय असं वाटतं. म्हणून नमस्कार मोठा घातलाय, पुढे 'तू'च.) तुझा गुडघा कसा आहे? मामी अजून तुला शिडीवर चढू देत नाही ना? देऊच नये तिने. इकडे सगळं ठीक. तू विचारलंस, सुलक्षणाचं काय झालं. मी लग्नाचं विचारून बसलोय, तिचं उत्तर यायचंय. आणि ते का अडकलं हे सांगायचं तर आधी थोडं ट्रान्सपोर्ट प्लॅनिंग सांगावं लागेल. कंटाळू नकोस यार. (मामाला 'यार' लिहिलं हे आईला कळवू नकोस.)

स्टेशनबाहेरून फॅक्टऱ्यांकडे जाणाऱ्या बसची रांग तुला मी काय सांगू, तू त्याच गेटांवर युनियनची भाषणं करून घसा बसवलास. केबलवाली, रंगवाली आणि औषधवाली, तिन्ही फॅक्टऱ्या एकाच वेळी सुरू, म्हणून रांग वळून पार भाजीवाल्यांच्या पाट्यांत शिरायची. आमच्या फोर्टच्या ऑफिसने सर्व्हे माझ्यावर टाकला. रोज सकाळी रांगेत उभं राहून विचारायचं, कुठून आलात, कुठे जाणार. सुलक्षणा औषधवालीच्या पॅकिंगमध्ये. तिलाही मी रोज विचारायचो (सर्व्हेला शिस्त हवी), तर एकदा म्हणाली, "रोज तेच काय रे? मी काय रात्रीत घर बदलते?" मग हळूहळू दुसरे विषय निघाले. बस यायची नाही आणि आम्ही बोलत राहायचो. मला तेव्हा ती गैरसोय वाटत होती, बघ. मी इतका हुशार की मी ती सोडवली.

उपाय सोपा होता. सगळ्यांनी एकदम जेवायला न बसता पंगती लावायच्या, तसं फॅक्टऱ्यांच्या वेळा पुढेमागे करायच्या. याला आम्ही स्टॅगरिंग म्हणतो. रस्ता रुंद करायला नको, कोणाची झोपडी पाडायला नको, बसचा धूर कमी, वीजही एकदम ओढली जात नाही. मॅनेजर लोकांना पटलं. केबलवाली लवकर, रंगवाली मध्ये आणि औषधवाली सगळ्यांत शेवटी, कारण तिथे बायका जास्त, त्यांना सकाळी घरचं आवरायला वेळ मिळेल. (हा माझा खास टच. झकास वाटला होता.) महिनाभर ट्रायल. जमलं तर हीच स्कीम घाटकोपर, अंधेरी सगळीकडे, आणि मी परमनंट.

पहिल्याच सकाळी तीन भोंगे वेगवेगळे वाजले आणि आमच्या चाळीची वाट लागली. सुंदराबाईंच्या घरात घड्याळ आहे, पण ते पाहुण्यांना दाखवायला. भात भोंग्यावर चढतो, भोंग्यावर उतरतो. त्यांनी एका भोंग्याला चढवला, तिसऱ्याला उतरवला, आणि त्या भाताची खळ माझ्या आईला दाखवायला आणली. बरं, रांगेचं म्हणशील तर रांग तिथेच. शेजारचा गुणाजी रंगवालीत, त्याचे पत्तेवाले दोस्त केबलवालीत. मी म्हटलं, गुणाजी, तू आता उशिरा यायचंस रे! तर म्हणतो, "नंद्या, इतकी वर्षं एका बसने जातोय. बायकोशेजारी पण एवढा बसलो नाय मी. तुझ्या कागदासाठी दोस्त सोडू?" सगळे लवकरच्याच बसने जातात, आणि ज्यांचा भोंगा वाजायचाय ते गेटवर बसून पत्ते कुटतात. त्यांच्यासाठी चहावाला आला, चहावाल्यामागे भजीवाला, भजीवाल्यामागे चपला शिवणारा. आता ट्रक गेटमध्ये वळत नाही. रांग होती स्टॉपवर, ट्रॅफिक जॅम झाला फॅक्टरीत.

माझ्या स्कीमने त्या रांगेतून फक्त एक गोष्ट कमी केली, ती म्हणजे पॅकिंगच्या बायका. त्या आता येतात तेव्हा मी फोर्टात असतो. साहेब मात्र स्टॉपवर येऊन गेले, रांग थोडी आखूड दिसली, माझी पाठ थोपटली. म्हणाले, गर्दीचा पीक कसा छान फ्लॅट झाला!

आज सुलक्षणा बाजारात भेटली. मी (मूर्खासारखा) विचारलं, सकाळी आराम मिळतो ना गं? तिने पिशवी खाली ठेवली. "आराम? संध्याकाळी उशिरा सुटून घरी पोचते तेव्हा नळ गेलेला असतो. आई कमरेत वाकून हंडे भरते. फॅक्टरी पुढे सरकवलीस, आता नळही सरकव की!" मामा, तीन फॅक्टऱ्या, बस, भोंगे, सगळं मी कागदावर धरलं होतं. पाणी कधी येतं हे कोणालाच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आणि माझ्या प्रश्नाचं? ती म्हणाली, "ज्याला नळाची वेळ माहीत नाही त्याच्याबरोबर संसार कसा करायचा, ते आधी सांग." आणि गेली. तेवढं सोडलं तर प्रोजेक्ट उत्तम चालू आहे. मामीला नमस्कार.

तुझा भाचा
नंदू (प्लॅनर, टेंपररी)

ता. क. : तू ये. पुढच्या आठवड्यात ट्रायल संपते, मग साहेब ती कायम करतील. मी बोललो तर नोकरी जाईल, पण तू गेटवर उभा राहिलास तर मॅनेजर अजून घाबरतात. एक मोर्चा काढ. स्कीम कोणाची ते बोलू नकोस. बरं, बोल. भाषणाला रंग येणार असेल तर शिव्याही घाल.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात सुलक्षणा आली. पॅकिंगच्या बायका आधीच मोर्चा काढतायत, तू येतोस म्हटल्यावर खूश झाली. बोर्ड रंगवायचं काम मला दिलंय, रोज तिच्या सुटीनंतर, त्यांच्या गॅलरीत, आधी दोन हंडे वर नेऊन ठेवायचे या अटीवर. उत्तराचं विचारलं तर म्हणाली, मोर्चा संपू दे. तेव्हा मामा, ये नक्की, पण आल्या आल्या जिंकू नकोस. एक-दोन वाटाघाटी तरी फिसकटू दे.