मम्मीच्या मांडीवरच्या पर्सा

मम्मी, चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सगळे पुढे जातात तेव्हा तू एकटीच बाकावर का बसून राहतेस?

कन्फर्मेशनच्या क्लासमधल्या पोरींनी मला चॅलेंज दिलंय, "हिंमत असेल तर घरी विचारून दाखव." मी घाबरत नाही हं! पण तू ड्यूटीवरून यायच्या आत मला चर्चला पळायचंय, म्हणून ही चिठ्ठी. हंगामाच्या सणासाठी दाराला ऊस बांधायचाय.

मला इतकी वर्षं वाटायचं, तू पर्सा सांभाळायला मागे थांबतेस. अख्खी रांग तुझ्या मांडीवर पर्सा टाकून जाते ना! काल पप्पांना विचारलं, तर म्हणाले, "तिचं माहेर बौद्ध आहे, तिला छेडू नकोस." आजी म्हणाली, "लग्नातच ठरलंय तसं." आणि पाळकसाहेब म्हणतात, "तुझ्या आईला कोणी कधी अडवलंच नाही." मग खरं काय? तुला यायचं नाही, की तुला कोणी एकदाही 'चल' म्हटलं नाही? माझं डोकं पार आउट झालंय. तू नको म्हणालीस तरी चालेल गं, पण ते तू सांग.

वरण गरम करून घ्या. पप्पा, तुम्हीही वाचा, मग रागवा.

रविवारी माझं कन्फर्मेशन होईल, म्हणजे मलाही प्रभुभोजन घेता येईल, पांढरा ड्रेसही घालीन. पण मम्मीने उत्तर दिलं नाही, तर पहिल्या प्रभुभोजनाला मी उठणार नाही. मम्मीशेजारी बसणार. अर्ध्या पर्सा माझ्या मांडीवर.

शेरॉन